कपाटाची जात

विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे समीक्षेच्या दृष्टीने पाहण्याची आपल्याकडे पद्धत नाही. इमारत, ग्रंथसंख्या, वाचनकक्षातील आसने यांची अहवालात नोंद झाली की विषय संपतो. परंतु ग्रंथालय हीसुद्धा एक समीक्षाच असते. कोणते पुस्तक घ्यायचे, ते कोणत्या कपाटात लावायचे, कोणते काचेत मांडायचे, या प्रत्येक कृतीत मूल्यनिर्णय दडलेला असतो. प्रस्थापित समीक्षक आपल्या मताखाली सही तरी करतो. कपाट सही करीत नाही, म्हणून त्याच्याशी वाद घालायला कोणी जात नाही.

आपल्याकडील अनेक ग्रंथालये मेल्व्हिल ड्युईच्या १८७६ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या दशांश पद्धतीवर चालतात. या पद्धतीत धर्माच्या २०० या वर्गातील २२० ते २८० हे क्रमांक बायबल आणि ख्रिस्ती धर्माला दिले गेले. बौद्ध धर्माच्या वाट्याला २९४.३ आला, आणि त्याच २९४ मध्ये, दोन घरे पलीकडे, २९४.५ वर हिंदू धर्म. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. ज्या धर्माचा त्याग करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसे बाहेर पडली, त्याच्याच शेजारी हा ग्रंथ पुन्हा नेऊन बसविला जातो. यात कोणा ग्रंथपालाचा द्वेष नाही. ही व्यवस्थेची सवय आहे. आणि सवय द्वेषापेक्षा अधिक टिकते.

आत्मकथनांचा प्रश्न याहून गंभीर आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. ते मराठी साहित्याच्या ८९१.४६ मध्ये ठेवायचे, चरित्राच्या ९२० मध्ये ठेवायचे, की सामाजिक गटांच्या ३०५ मध्ये? तिन्ही ठिकाणी ठेवण्याला नियमांचा आधार काढता येतो. परंतु ते ३०५ मध्ये गेले की साहित्याचा विद्यार्थी साहित्याच्या कपाटापुढे उभा राहतो आणि 'बलुतं' न पाहताच परत जातो. दलित लेखन हे दस्तऐवज आहे, कलाकृती नव्हे, असे प्रस्थापित समीक्षेने वर्षानुवर्षे म्हटले. त्यावर आपण परिषदा घेतल्या, लेख लिहिले. तोच निर्णय एक क्रमांक चिकटवून विनावाद अमलात येऊ शकतो. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'ला तर आणखी एक वाट फुटते, ती स्त्रियांविषयीच्या ३०५.४ ची. बाई म्हणून एका कपाटात, दलित म्हणून दुसऱ्या कपाटात. लेखिका म्हणून मात्र कुठे, हा प्रश्न उरतोच.

याला उपाय म्हणून 'दलित साहित्य' असे स्वतंत्र कपाट करावे, ही सूचना सद्‌हेतूने केली जाते. शोधणाऱ्याची त्याने सोय होते हे खरे. पण गावाबाहेर वस्ती नीटनेटकी बांधून दिली म्हणजे गावकूस मोडत नाही. पुस्तक मराठी साहित्यात असलेच पाहिजे. वेगळी सूची त्याशिवाय करावी. एका पुस्तकाला फळीवर एकच जागा असते, परंतु सूचीत त्याच्या नोंदी हव्या तितक्या करता येतात.

हीच गोष्ट प्रदर्शनांची. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला ग्रंथ काचेत मांडले जातात, पुष्पहार येतो, छायाचित्र निघते. काचेतले पुस्तक त्या दिवशी घरी नेता येत नाही. दर्शन आणि वाचन यांतील हे अंतर नाशिकला तरी समजावून सांगावे लागू नये. २ मार्च १९३० रोजी याच शहरात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे लढविला. तो मूर्तीच्या दर्शनासाठी नव्हता, माणूस म्हणून असलेल्या अधिकारासाठी होता. म्हणूनच याच जिल्ह्यातील येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेब धर्मांतराची घोषणा करू शकले.

याच नाशिकला गंगापूर धरणाजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली ते स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. नोकरी, मजुरी, संसार सांभाळून शिकणारे याचे विद्यार्थी महाराष्ट्रभर पसरलेले आहेत. अशा विद्यापीठाच्या ग्रंथालयाची कसोटी नाशिकच्या वाचनकक्षात लागत नाही. ती दूरच्या अभ्यासकेंद्रावर लागते. पाठ्यपुस्तक घरी पोहोचणे ही सुरुवात झाली. पाठ्यपुस्तकाबाहेरचे पुस्तक मागण्याची सोय त्या विद्यार्थ्याला किती आणि कशी आहे, हा खरा प्रश्न आहे. पाठ्यपुस्तक उत्तर देते. ग्रंथालय प्रश्न विचारायला शिकविते. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतले पहिलेच पुस्तके वापरासाठी असतात असे बजावते.

संग्रहाबद्दलही बोलले पाहिजे. विहितगावच्या बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) कोणतेही ग्रंथालय विकत घेऊ शकते. पण सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या वामनदादा कर्डकांची गाणी गायकांच्या वह्यांत आणि गळ्यांत राहिली. जलशांच्या पुस्तिका, परिषदांची पत्रके, दोन-चार अंकांत बंद पडलेली नियतकालिके हे आपल्या चळवळीचे खरे दफ्तर आहे. ते पुस्तकविक्रेत्याच्या यादीत येत नाही, म्हणून खरेदी समितीपुढेही येत नाही. त्यासाठी ग्रंथालयाने वस्तीत जावे लागते.

विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी एवढे तरी करावे. आपल्या विद्यापीठाची सूची उघडून 'बलुतं'चा क्रमांक पाहावा. तो पटला नाही तर लेखी विचारावे. खरेदीच्या शिफारशी भरून द्याव्यात. आणि घरातल्या पेटीत जुनी पत्रके असतील तर ती रद्दीत घालू नयेत. नोंद करून घेऊन, पोच घेऊनच ग्रंथालयाला द्यावीत.