डॉ. जयंत नारळीकर यांचे संशोधनलेखन : प्रभावाचे मूल्यमापन

संशोधकाचा प्रभाव संदर्भोल्लेखांच्या संख्येवरून ठरविण्याची प्रथा महाविद्यालयांतही रूढ झाली आहे. खगोलभौतिकीविद डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या लेखनाच्या संदर्भात ही कसोटी अपुरी ठरते.

फ्रेड हॉईल यांच्यासमवेत त्यांनी १९६४ मध्ये मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त माख यांच्या तत्त्वावर आधारित होता. वस्तूचे जडत्व विश्वातील अन्य द्रव्यामुळे निर्माण होते, हे त्याचे सूत्र. हे दोघे पुरस्कारीत असलेल्या स्थिर स्थिती विश्वाची बाजू मात्र १९६५ मध्ये सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर होताच दुर्बळ झाली. पुढे १९९३ मध्ये हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी या सिद्धान्ताचे सुधारित रूप प्रसिद्ध केले. त्यात पार्श्वप्रारणाच्या स्पष्टीकरणासाठी अवकाशात लोहाचे सूक्ष्म तंतू गृहीत धरावे लागले. हा या मांडणीतील कच्चा दुवा होय. बहुसंख्य विश्वरचनाशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही.

तथापि, महास्फोट सिद्धान्तातील गृहीतके कोणती आणि निरीक्षणसिद्ध तथ्ये कोणती, हा भेद या लेखनाने सातत्याने पुढे ठेवला. १९८३ चे विश्वरचनाशास्त्रावरील त्यांचे पाठ्यपुस्तक प्रतिस्पर्धी सिद्धान्ताचेही शिस्तबद्ध अध्यापन करते. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘आयुका’चे संस्थापक संचालक या नात्याने त्यांनी विद्यापीठीय अध्यापकांना संशोधनसुविधा खुल्या केल्या. हे कार्य कोणत्याही संदर्भसूचीत मोजले जात नाही. म्हणून सिद्धान्ताची ग्राह्यता आणि संशोधकाचा प्रभाव यांचे मूल्यमापन स्वतंत्रपणे होणे आवश्यक आहे.