ऑर्गन, ऑक्टोपॅड आणि धुमाल: झाडीपट्टीचं न ऐकलेलं संगीत

भाऊबीज झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, म्हणजे आरमोरी, वडसा, कुरखेडा, ब्रह्मपुरी या पट्ट्यात, मंडया म्हणजे गावजत्रा भरू लागतात आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. होळीच्या आगेमागे हंगाम आटोपतो. या रंगभूमीवर अलीकडे बरंच छापून आलं आहे. वडशातल्या कंपन्या, त्यांची उलाढाल, रात्रभर जागणारा प्रेक्षक, लावणीचा वाढता हिस्सा, सगळं. २०२३ साली गुरनोलीचे झाडीपट्टी नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनाही झाडीपट्टी नकाशावर सापडली. एवढ्या लिखाणात एक गोष्ट जवळपास वगळलेली आहे: हे नाटक कानाला कसं लागतं.

ती का वगळली जाते, याचा विचार करताना मला युरोपातलं एक खाणगाव आठवतं. स्लोव्हेनियातलं त्र्बोव्ल्ये. एके काळी तिथे कोळसा, सिमेंट, औष्णिक केंद्र, आणि ३६० मीटर उंचीची चिमणी. १९८० साली तिथल्या पोरांनी ‘लायबाख’ नावाचा गट काढला. भोंगे, हातोडे, लष्करी कवायतीची लय आणि लोकगीतांचे घोगरे अवशेष एकत्र करून त्यांनी जे वाजवलं, त्याला जग इंडस्ट्रियल संगीत म्हणतं. त्याच वर्षी पश्चिम बर्लिनमध्ये ‘आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन’ पत्रे आणि ड्रिल मशीन घेऊन मंचावर उभे राहिले. लंडनच्या ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ने तर १९७६ मध्येच या नावाचं लेबल काढलं होतं. गंमत पुढे आहे. या गोंगाटातलीच काही माणसं नंतर गिटार, जुनी लोकगीतं आणि मृत्यूच्या कहाण्यांकडे वळली. डेव्हिड टिबेटचा ‘करंट ९३’ टेपच्या तुकड्यांपासून सुरू झाला आणि दहा वर्षांत अंधाऱ्या लोकसंगीतापर्यंत पोहोचला. या प्रवाहातल्या काहींनी फासिस्ट चिन्हांशी केलेला खेळ मला आजही ओंगळ वाटतो. पण कारखान्याचा आवाज आणि आजीचं गाणं एकाच घरातले आहेत, हे त्यांनी ओळखलं होतं.

कोळसा आणि चिमण्या पाहिल्या तर चंद्रपूर त्र्बोव्ल्येच्या कितीतरी पुढे आहे. २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, घुग्घुस-बल्लारपूरच्या खाणी, बल्लारपूरची कागद गिरणी. वैनगंगेच्या पलीकडे आरमोरीत धान आणि कोसा, तर दक्षिणेला सुरजागडहून लोहखनिजाचे ट्रक. या आवाजातून आपल्याकडे लायबाख निघाला नाही. निघायलाच हवा होता असंही नाही. तरीही यंत्राचा आवाज इथल्या लोककलेत शिरलाच. तो प्रयोग म्हणून आला नाही, सोय म्हणून आला, आणि सोयीने आलेल्या गोष्टीची कोणी समीक्षा करत नाही.

झाडीपट्टीचं नाटक मुळात संगीत नाटकाच्या घराण्यातलं. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात उभं राहिलं, पुढे गंधर्वांच्या काळात ऑर्गनला मान मिळाला. पुण्यात तो ऑर्गन आज महोत्सवापुरता उघडतो. इकडे तो रोजंदारीवर आहे. मंचाच्या पुढ्यात ऑर्गनवाला, शेजारी तबला-ढोलकी, आणि आता ऑक्टोपॅड. नट स्वतः गातो, ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवत नाही. स्वरलिपीचा कागद समोर नसतो. नटाने दोन वाक्यं जास्त घेतली, पब्लिक हसत राहिलं, नायिकेला रडायला उशीर झाला, तर ऑर्गनवाला तेवढा सूर धरून ठेवतो. रात्री दहा ते पहाट हे चालतं. पाश्चात्त्य मैफलीत याला ‘इम्प्रोव्हायजेशन’ म्हणून तिकीट लागतं. इथे तिकीट नाटकाचं असतं आणि वादक त्यात धरलेला असतो.

ऑक्टोपॅडचं प्रकरण वेगळं आहे. रोलँड कंपनीने १९८५ साली आणलेलं हे आठ खणांचं रबरी वाद्य आधी हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत आणि ऑर्केस्ट्रात रुळलं, मग खेड्यांत पोहोचलं. वीज कडाडते, गोळी सुटते, चाबूक बसतो, खलनायक आला की ‘धडाम’. एका खणात ढोल, दुसऱ्यात काच फुटणं. काडीने काय काय होतं याचं कौतुक मलाही आहे. पण तक्रार आहे ती इथेच. ऑर्गन नटाचं ऐकून वाजतो, ऑक्टोपॅड प्रेक्षकाला काय वाटावं ते आधीच सांगून टाकतो. शेतकरी नायक कर्जाच्या कागदावर अंगठा उमटवतो त्या क्षणी नटाचा चेहरा पुरेसा असताना तीन वेळा वीज पडते. कीबोर्डमधले तयार सूरही तसेच: जपानी कारखान्यात भरलेलं रहस्य आणि करुणा, कुठल्याही नाटकाला चालणारी. यंत्र वापरणं हा दोष नाही. यंत्राकडून त्याचा स्वतःचा आवाज न काढता सिनेमाची नक्कल करून घेणं, हा दोष आहे.

या नाटकाच्याही आधीपासूनची लोककला, दंडार, ऐकलेल्यांना हा फरक लगेच कळेल. पुरुषांनीच बायकांची सोंगं घेऊन रात्र जागवायची, ढोलकी-टाळावर गाणं पुढे न्यायचं. दंडारीत गाणं प्रसंगाला सजवत नाही, प्रसंगच गाण्यातून उभा राहतो. गोंड-माडिया वस्त्यांतला रेला आणखी कडक. गोल फेर, ढोल, आणि ‘रेला’ची न संपणारी आवर्तनं. तासभर तीच ओळ ऐकताना शरीराचं जे होतं ते बर्लिनच्या तळघरात लोक पैसे देऊन शोधतात. रेल्यावर आता ‘डीजे रिमिक्स’ निघतात, बेस वाढवला जातो, आणि आवर्तनाला लागणारा वेळ तीन मिनिटांत कापला जातो. रेल्याची ताकदच त्या वेळेत आहे.

एकट्याने, कमीत कमी साधनांत, ऐकणाऱ्याला हलवून सोडणारा प्रयोगशील गायक या प्रदेशाने पाहिलाच नाही असं मात्र कोणी म्हणू नये. तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) हातात खंजिरी घेऊन गात. चिमूर तालुक्यातल्या गोंदोड्याच्या जंगलाशी त्यांचं नातं होतं, आणि १६ ऑगस्ट १९४२ ला ‘चले जाव’ चळवळीत चिमूर पेटलं त्यामागे त्यांच्या भजनांची धग होती. त्याच महिन्यात सरकारने त्यांना अटक केली आणि नागपूर-रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं. खंजिरी म्हणजे एक कडं, ताणलेलं कातडं आणि धातूच्या चकत्या. त्या चकत्यांचा खणखणाट भजनी मंडळांत आजही आहे, पण त्यांनी त्या वाद्यातून काढलेली निकड आता सवयीची झाली आहे. त्यांना राष्ट्रसंत म्हणताना आपण त्यांना संगीतकार म्हणायचं विसरलो, हे मला आपल्या समीक्षेचं मोठं अपयश वाटतं.

आणि मग धुमाल. नागपूरपासून छत्तीसगडपर्यंत पसरलेला हा प्रकार, गणपती-दुर्गेच्या मिरवणुकीत नि वरातीत गाडीवर चढवलेले ताशे, ढोल, ड्रम, कीबोर्ड आणि भोंग्यांची भिंत. सभ्य माणसं खिडक्या लावून घेतात, आणि दवाखान्याशेजारून धुमाल जाताना मीही लावीन. पण या भागात इंडस्ट्रियल लोकसंगीत म्हणावं असं काही असेल तर ते हेच आहे. इथे चामडं आणि विजेवरचा आवाज एकमेकांना दाबायला बघतात, लय तुटायला येते आणि तुटत नाही, आणि वाजवणारे तो ताण जाणूनबुजून वाढवतात. ऑक्टोपॅड नाटकात हुकूम पाळतो, धुमालमध्ये भांडतो. झाडीपट्टीच्या संगीतकारांनी सिनेमाऐवजी धुमालवाल्यांकडून काही उचललं असतं, तर आज ऐकण्याजोगं काही वेगळं निघालं असतं.

आवाजाचा प्रश्न कायद्याचाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. झाडीपट्टीचं नाटक दहाच्या सुमारास तर सुरू होतं. नियम चुकीचा नाही, तो शहरातल्या झोपेसाठी लिहिला गेला. पण त्यातून सुचणारी एक वाट कोणी चोखाळलेली दिसत नाही: भोंगे कमी, वादक जास्त. शेतात बसलेल्या हजारोंना विनाभोंगा ऐकू कसं जाणार, हा रास्त प्रश्न आहे. दंडारीकडे त्याचं अर्धं उत्तर होतं, गोल बसणं आणि गाणं उचलून धरणारे झीलकरी.

वडशातल्या एखाद्या कंपनीने एवढंच करून पाहावं. एका नाटकाचा एक अंक ऑक्टोपॅड बंद ठेवून, फक्त ऑर्गन, ढोलकी आणि चार झीलकऱ्यांवर काढावा. पहिल्या रात्री शिट्ट्या पडतील, कंत्राट घेतलेलं मंडळ कुरकुरेल, आणि दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक ऑक्टोपॅडवाल्याला फोन लावेल. तो लावण्याआधी त्याने ऑर्गनवाल्याला विचारावं की त्या अंकात त्याला काय ऐकू आलं.