सोळा मिनिटांचं झाड

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी एक वाक्य विकलं. ‘आकाशातले तारे सह्याद्रीत उतरतात, तुम्ही फक्त झोपून बघा.’ त्यासोबत तीन कॅप्शन, एका रीलची स्क्रिप्ट आणि वेबसाइटसाठी शंभरेक शब्द. भंडारदऱ्याच्या जलाशयाजवळ पारदर्शक छताचे डोम उभारून काजव्यांच्या सीझनमध्ये ते भाड्याने देणाऱ्या एका ठिकाणासाठी हे काम होतं. मी पुण्यात कॉन्टेंट लिहिते, असली वाक्यं आठवड्याला वीस तरी लिहिते. काजव्यांनी भरलेलं झाड मी तोवर फक्त फोटोत बघितलं होतं. मी मूळची संगमनेरची. तिथून अकोले, राजूर करत शेंडीला पोचायला फार तर दोन तास लागतात. तरीही.

ब्रीफमध्ये एकच संदर्भ होता : ‘नॉर्दर्न लाइट्ससारखा फील हवा.’ सोबत फिनलंडच्या लॅपलंडमधल्या काचेच्या इग्लूंचे फोटो. कॅक्सलाउटानेनचे ते इग्लू तुम्हीही पाहिले असतील, न पाहता त्या नावापर्यंत स्क्रोल करणं अवघड आहे. बाहेर बर्फ, आत पांढरी गादी, वर काच आणि काचेवर हिरवा पडदा. आपल्याकडच्या टूर कंपन्या आता तिकडे मराठी ग्रुप घेऊन जातात. ज्यांना लॅपलंड परवडत नाही त्यांच्यासाठी अकोले तालुका. असं कुणी ब्रीफमध्ये लिहिलं नव्हतं, पण अर्थ तोच होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला दोघांसाठी एक रात्र फुकट दिली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच ठिकाणाबद्दल तक्रार करणार आहे आणि त्यांचं नाव घेणार नाही. मी आईला घेऊन गेले. आईचं बालपण राजूरच्या बाजूला गेलंय. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झाल्यावरही ती नगरच म्हणते आणि काजवे बघायला पैसे लागतात हे तिला अजून पटलेलं नाही.

डोममध्ये शिरल्या शिरल्या तिने विचारलं, “एवढा उजेड कशाला करून ठेवलाय?” पलंगामागे निळी पट्टी, दारात दोन पिवळे बल्ब, पायवाटेला सोलरचे दिवे, रेस्टॉरंटवर दिव्यांच्या माळा. आम्ही आडवं होऊन वर बघितलं. वर ढग. काच, काचेला चिकटलेली दोन पानं आणि त्यामागे जूनचं गच्च, राखाडी आभाळ. माझ्या वाक्यातलं ‘तुम्ही फक्त झोपून बघा’ हे मी शब्दशः पाळत होते आणि दिसत काहीच नव्हतं.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की छताचं तोंड चुकीच्या दिशेला आहे. लॅपलंडमध्ये काचेचं छत शहाणपणाचं आहे. बाहेर उणे वीस-तीस अंश थंडी असते, तो प्रकाश शंभर किलोमीटरच्याही वर चाललेला असतो, आणि खाली कुणी गादीवर लोळतंय की नाही याने त्याला काही फरक पडत नाही. सूर्याकडून आलेले कण वातावरणावर आदळतात, तिथला ऑक्सिजन हिरवा उजळतो, बास. काजवा वर नसतो. तो बाजूला असतो, बांधावर, झुडपात, गवतात, सादड्याच्या फांदीला. आणि त्याला फरक पडतो. एका प्रकाशासाठी बांधलेली खोली आपण दुसऱ्या प्रकाशापाशी आणून ठेवली, कारण फोटोत दोन्ही सारखेच दिसले.

म्हणून आधी फोटोंबद्दल बोलायला हवं. काजव्यांचे जे फोटो आपण शेअर करतो, त्यातले चांगले फोटो एका क्षणाचे नसतातच. श्रीराम मुरली यांचा अनामलाईच्या जंगलातला फोटो 2023 मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत आपल्या गटात पहिला आला. त्यात प्रत्येकी 19 सेकंदांची 50 एक्स्पोजर एकावर एक रचलेली आहेत. प्रथमेश घाडेकर यांचा ‘ड्रीमवर्ल्ड’ हा फोटो 2021 मध्ये ‘नेचर टीटीएल’च्या स्पर्धेत नाइट स्काय गटात जिंकला. त्यात काजव्यांच्या 30 सेकंदांच्या 32 फ्रेम आहेत, शिवाय संधिप्रकाशात घेतलेली पार्श्वभूमीची एक. हिशेब करून बघा. दोन्हींत काजव्यांची साधारण सोळा मिनिटं भरतात. दोन्ही छायाचित्रकारांनी हे उघड सांगितलंय, त्यांनी काही लपवलेलं नाही. फोटो अप्रतिम आहेत. फक्त ते झाड नाही, ते सोळा मिनिटांचं झाड आहे. त्या सोळा मिनिटांत जे जे एकदा लुकलुकून विझलं, ते सगळं तिथे एकाच वेळी पेटलेलं आहे आणि विझणं वगळलेलं आहे.

नॉर्दर्न लाइट्सचंही थोडंफार असंच असतं. अंधारात आपल्या डोळ्याला रंग नीट कळत नाहीत, त्यामुळे फिकट ऑरोरा बऱ्याचदा राखाडी ढगासारखा दिसतो आणि हिरवा होतो तो फोनच्या स्क्रीनवर. मे 2024 च्या सौर वादळात लडाखमधल्या हान्ले इथल्या कॅमेऱ्यांनी आकाशातली लाल आभा टिपली. तो फोटो सगळ्यांनी पाहिला. त्या रात्री तिथे उभं राहून डोळ्यांना काय दिसलं, हे विचारणारी पोस्ट माझ्या फीडमध्ये तरी आली नाही.

फोटोला दोष देऊन मला सुटता येणार नाही. फोटो निदान आपली एक्स्पोजर मोजून सांगतो. कॅप्शन काहीच सांगत नाही. त्या रात्री नेट जेमतेम येत होतं, तरी मी काजव्यांवरची मराठी कॅप्शन शोधून वाचत बसले. प्रकाशाची उधळण, लखलखाट, झगमगाट, दीपोत्सव, स्वर्ग, तारांगण. माझं वाक्य याच गर्दीतलं होतं, थोडं नीटनेटकं इतकंच. मराठीत उजेडाला क्रियापदं भरपूर आहेत. झगमगणं दुकानाचं, लखलखणं विजेचं किंवा तलवारीचं, मिणमिणणं तेल संपत आलेल्या दिव्याचं. आणि एक आहे लुकलुकणं, ज्यात विझणं आधीच धरलेलं आहे. ‘लुक’ झाल्यावर दुसऱ्या ‘लुक’पर्यंत मध्ये अंधार हवाच. काजव्याला नेमका हाच शब्द बसतो आणि जाहिरातीत नेमका हाच नसतो. कारण जाहिरातीला ‘मध्ये अंधार’ परवडत नाही. थोबाडीत बसल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकतात असं आपण म्हणतो. ती म्हणसुद्धा माझ्या कॅप्शनपेक्षा अचूक आहे : विखुरलेले ठिपके, पकडता न येणारे, लगेच गेलेले.

इथे मला टिळक आठवले. हसू नका. लोकमान्यांनी ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हे पुस्तक 1903 मध्ये प्रसिद्ध केलं. आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं, हा त्यातला निष्कर्ष विद्वानांनी स्वीकारला नाही, आणि मलाही तो वाचवायचा नाही. पण त्यातली वाचायची पद्धत बघा. ऋग्वेदात उषा अनेकवचनात का येतात, असा प्रश्न हा माणूस धरून बसला. एका सकाळी अनेक उषा कशा? मग ही पहाट किती वेळ चालली असेल? बघणारा कुठे उभा असेल? ध्रुवाजवळ न जाता त्याने उजेडाबद्दलच्या ओळींची अशी उलटतपासणी केली. उत्तर चुकलं, पण प्रश्न बरोबर होते. आपण उजेडाबद्दलची ओळ वाचतो, लाइक करतो आणि पुढे जातो. किती वेळ? कुठून? कुणासाठी? माझ्या ‘तारे उतरतात’ला हे तीन प्रश्न विचारले तर काहीच शिल्लक राहत नाही. तारा कुणाशी बोलत नसतो. काजवा बोलत असतो. नर उडता उडता आपल्या जातीच्या लयीत उजेड करतो, बऱ्याच जातींत मादी खाली गवतात किंवा झुडपावर बसून उत्तर देते, आणि ते उत्तर दिसलं तर पुढचं सगळं. अळी असताना महिनोन्‌महिने ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन काढायचे आणि पंख फुटल्यावर मिळतात जेमतेम काही दिवस किंवा आठवडे. निळ्या पट्टीच्या उजेडात ते उत्तर दिसत नाही. 2020 मध्ये सारा लुईस आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या काजवा-अभ्यासकांना धोक्यांबद्दल विचारलं, तेव्हा अधिवास नष्ट होण्याच्या खालोखाल कृत्रिम प्रकाशाचं नाव आलं होतं.

साडेआठला आई म्हणाली, “चल, बाहेर जाऊ. इथं काय बसून राहायचं.” डोममधले दिवे घालवले तरी पायवाटेचे चालूच होते, ते सोलरचे, त्यांना बटण नाही. आम्ही गेटबाहेर पडून रस्त्याने चालत राहिलो. शनिवार होता. घोटीकडून आलेल्या गाड्या रिंग रोडवर मुरशेत, पांजरे, उडदावण्याच्या दिशेने सरकत होत्या. प्रत्येक गाडी गेली की दोन-तीन मिनिटं डोळ्यांना काही दिसायचं नाही, आणि डोळे सरावतायत तोवर पुढची गाडी. वनविभागाने हेडलाइट, आवाज, वेळ यांवर बंधनं घातलेली असतात. अभयारण्यच आहे ते. पण प्रत्येक गाडीला वाटत असतं की आपला एकटीचा उजेड तेवढा काय. मलाही गेटपाशी वाटलंच होतं, फोनचा टॉर्च लावताना.

एका घराच्या मागे, बांधापलीकडे, रस्त्याचा उजेड पोचत नव्हता. घरातल्या मावशी ओट्यावर बसल्या होत्या. आईने कुठल्या, कोणाच्या, अशी चौकशी केली, तिच्या माहेरच्या गावचं कुणीतरी निघालं आणि आम्हाला मागे जाऊ दिलं. तिथे एक सादड्याचं झाड होतं. पहिल्यांदा काहीच नाही. मग खालच्या फांदीवर चार-पाच ठिपके. मग कुठूनतरी एक लाट आल्यासारखं अर्धं झाड उजळलं आणि विझलं. सगळं झाड नाही, अर्धंच. पुन्हा अंधार. तो अंधार इतका पूर्ण होता की आता परत होणार नाही असं दरवेळी वाटायचं. फोटोत हे वाटणं येत नाही. मी फोन काढला नाही असं लिहायला बरं वाटलं असतं, पण काढला. स्क्रीनवर काळं आलं.

“आम्ही लहानपणी मुठीत धरायचो,” आई म्हणाली. “बोटांच्या फटीतनं उजेड यायचा. हाताला मात्र काही कळायचं नाही.” त्या उजेडात उष्णता जवळजवळ नसतेच, हे मी नंतर वाचलं. तिला ते हाताने माहीत होतं.

मावशींना मी विचारलं, काजवे कमी झालेत का? त्या म्हणाल्या, “दिसत्यात की. पण आधी बघाया कोन येत नव्हतं, तर मोजनार कोन?” मग जरा थांबून : “गाड्या येत्यात म्हनून पोराला चार पैसं भेटत्यात. नाय आल्या तं तो नाशिकला जाईल कामाला.” पोरगा रस्त्यावर भजी आणि चहाची गाडी लावतो. सीझन चार आठवड्यांचा. ‘पर्यटन बंद करा’ ही पोस्ट पुण्यात बसून लिहायला सोपी आहे. याच तालुक्यातल्या पुरुषवाडीत गावकरीच पाहुण्यांना घरी ठेवतात, जेवू घालतात, गावातलेच लोक काजवे दाखवायला नेतात. तिथेही गर्दी असते, तिथली जाहिरातही गोडच असते. पण रात्री अंगणातला दिवा घालवायचा की नाही, हे तिथे राहणारा माणूस ठरवतो. डोममध्ये ते इंटिरियरवाला ठरवतो, आणि त्याने बहुतेक फक्त इग्लूचे फोटो बघितलेले असतात. मी तर तेही ब्रीफमध्येच पाहिले.

परत आल्यावर मी वेबसाइटचा मजकूर नव्याने लिहून पाठवला. पैसे आधीच मिळाले होते, त्यामुळे हा उत्साह माझा मला. मजकूर असा : ‘काजवे छतातून दिसत नाहीत. रात्री आठनंतर आमच्या माणसासोबत थोडं चालावं लागतं. डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर फोन खिशात ठेवा. झाड लुकलुकतं, म्हणजे मधे मधे काहीच दिसत नाही. पाऊस पडला तर कदाचित अजिबात दिसणार नाही. साडेसात ते दहा आमच्याकडचे सगळे दिवे बंद असतात.’

दोन दिवसांनी उत्तर आलं. लुकलुकतं हा शब्द त्यांना फार आवडला, तो हॅशटॅगला घेतो म्हणाले. दिव्यांची ओळ तेवढी काढा, फॅमिली असतात, लहान मुलं घाबरतात. आणि ‘काहीच दिसत नाही’ला दुसरा शब्द आहे का?

मी अजून शोधतेय. आईला विचारलं, तर ती म्हणाली, “अंधार.”