घाट नसलेला हिंदुस्थान

रेल्वे बांधायला काय लागतं? पत्त्यांची पानं! एका रंगाची तीन-चार पानं जमली की टेबलावर टाकायची, नकाशावर तेवढे प्लॅस्टिकचे डबे मांडायचे, की झाला लोहमार्ग तयार. टेंडर नाही, मोजणी नाही, उद्घाटनाला मंत्री नाही. ‘तिकीट टू राइड’ या खेळाची ही रीत. मूळ खेळ 2004 सालचा, अमेरिकेच्या नकाशावरचा. त्याला जोडून खेळायला इतर देशांचे नकाशे वेगळे मिळतात. त्यांतला 2011 साली निघालेला, इयन व्हिन्सेंट यांनी रचलेला हिंदुस्थानचा नकाशा आमचा भाचा घेऊन आला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर 1911 सालचं राज्य पसरलं.

खेळ तसा सरळ. हातात गुप्त तिकिटं येतात. त्यांवरची दोन गावं जोडलीत तर गुण, नाही जोडलीत तर तेवढेच गुण कापून. डबे प्रत्येकी 45. पण नकाशा दाटीवाटीचा. आमच्या हिनं मुंबईच्या तोंडाशी डबे असे लावले, की दादरला दारात उभं राहणाऱ्यांची आठवण व्हावी. स्वतः आत जायचं नाही, दुसऱ्याला जाऊ द्यायचं नाही!

या नकाशाची खरी गंमत मंडलांत आहे. तिकिटावरची गावं दोन निरनिराळ्या वाटांनी जोडलीत तर जादा गुण: एका तिकिटाला 5, पाच तिकिटांना थेट 40. याला मी मनापासून दाद देतो. दिल्लीला जाताना भोपाळच्या मावशीकडे उतरायचं आणि येताना बडोद्याच्या आत्याकडे, हे मंडल आपण पिढ्यान्‌पिढ्या पुरं करत आलो. एकीकडे गेलं अन्‌ दुसरीकडे राहिलं, तर पुढची तीन लग्नं धुसफूस!

नकाशात कराचीही आहे. तिथे डबे लावताना आमच्या नानाकाकांचा हात जरा थांबला. ते रेल्वेत गार्ड होते. 2019 पासून सीमेपार एकही प्रवासी गाडी जात नाही. इथे मूठभर पानांत माणूस कराचीला.

माझी तक्रार आहे ती घाटाची. मुंबईहून दख्खनकडे चढणारी वाट इथे गंगेच्या मैदानाइतकीच सपाट. अहो, बोरघाट खोदायला 1856 ते 1863 अशी वर्षं लागली. चढ 37 फुटांना एक फूट. पटकीनं आणि तापानं हजारो मजूर गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येऊन काही आठवड्यांतच वारला, आणि ते काम त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, तडीस नेलं. आजही चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात, आणि आतल्या माणसांना बटाटेवडा.

खेळात अवघड वाटांची सोयच नसती, तर मी बोललो नसतो. पण हाच बोर्ड पालथा करा, मागे स्वित्झर्लंड आहे, अ‍ॅलन मून यांचं. तिथे बोगदे आहेत! बोगद्यातून जायचं तर कॅटमधली वरची तीन पानं उलटायची. नशीब फिरलं तर जादा पानं मोजायची. म्हणजे आल्प्स तेवढा डोंगर, आणि सह्याद्री काय उंचवटा?

तरीही नकाशा जरूर घ्या. चौघांत खेळा, दुसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलण्याची निकड नसेल तर. मात्र आमच्या घरचा नियम वापरा: मुंबईहून घाट चढताना तीन पानं उलटायचीच. नानाकाका तर म्हणतात, “बँकर लागल्याशिवाय मी हिरवा बावटा दाखवणार नाही!”