पांच रुग्णांची कहाणी

कॅनडांतील मानसोपचारतज्ज्ञ कॅथरिन गिल्डिनर यांनीं बालपणीं दुखावलेले आपले पांच रुग्ण पुढें कसे सांवरले, ती हकीकत ‘गुड मॉर्निंग, मॉन्स्टर’ (२०१९) या आठवणींच्या पुस्तकांत सांगितली आहे. पुस्तकाचें नांव म्हणजे श्रीमंत घरांतील एका आईची मुलीस रोज सकाळची हांक! बापानें धाकट्या भावंडांसह रानांतील झोपडींत टाकून दिलेली लॉरा दूरचित्रवाणीवरील कर्नल पॉटरमध्यें आदर्श पिता शोधते, हें वाचून मन द्रवतें.

लेखिकाबाई या पांचांना वीर म्हणतात. येथें आमचा मतभेद आहे. ज्या मुलास शूर व्हावें लागतें, त्याच्या वडीलधाऱ्यांनीं कर्तव्य सोडलेलें असतें; कौतुकाच्या भरांत तो दोष झांकला जातो, आणि जे सांवरले नाहींत ते भेकड होते कीं काय, अशी शंका उरते.

पुस्तकाचा खरा मोठेपणा निराळाच आहे. क्री जमातीच्या डॅनीस लहानपणींच घरापासून तोडून निवासी शाळेंत घातलें होतें. त्याच्यापुढें आपली विद्या अपुरी आहे असें दिसतांच बाईंनीं आदिवासी जाणत्यांचा सल्ला घेतला, व तें प्रांजळपणें लिहिलें. असा प्रांजळपणा विरळाच. आईबापांनीं हें पुस्तक अवश्य वाचावें. घरांतील रोजचे शब्द मुलांच्या मनांत किती वर्षें राहतात, तें त्यांस कळेल.