तुलनेची दोन मापे : ताराबाई शिंदे आणि पंडिता रमाबाई

प्रस्तावना :
विविध संस्कृतींमधील स्त्री-पुरुष समतेचा विचार करताना एका समाजास पुढारलेला व दुसऱ्यास मागासलेला ठरविण्याची प्रथा रूढ आहे. या प्रथेची मर्यादा एकोणिसाव्या शतकातील दोन मराठी ग्रंथ एकत्र वाचल्यास स्पष्ट होते. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) आणि पंडिता रमाबाई यांचा 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' (१८८९) हे ते ग्रंथ होत.

विवेचन :
सुरत येथील विजयालक्ष्मी या विधवेस बालहत्येबद्दल १८८१ साली झालेली शिक्षा आणि त्या निमित्ताने समग्र स्त्रीजातीवर झालेली टीका ही ताराबाईंच्या लेखनाची पार्श्वभूमी आहे. त्यांची तुलना एकाच समाजातील आहे. ज्या दोषांबद्दल स्त्रीला दंड होतो, तेच दोष पुरुषात असताना त्याला मोकळीक का, असा त्यांचा सवाल आहे. दोष स्त्रीस्वभावात नसून समाजाच्या दुटप्पी मापात आहे, हे दाखविताना त्या शास्त्रकारांनाही जाब विचारतात. महात्मा फुले यांनी 'सत्सार' (१८८५) मधून त्यांची बाजू घेतली.

रमाबाईंची तुलना दोन देशांमधील आहे. १८८६ ते १८८८ या काळातील अमेरिकेतील वास्तव्यावर आधारित या ग्रंथात त्यांनी तेथील स्त्रियांचे शिक्षण, व्यवसाय, हक्क आणि संघटना यांची तपशीलवार माहिती दिली आहे. स्त्रियांना प्रत्येक अधिकार विरोध सोसून, संघटितपणे मिळवावा लागला, हे त्यातून ध्यानी येते. हेच या ग्रंथाचे खरे मोल होय. तथापि त्यांनी गुलामगिरी व मूळ रहिवाशांवरील अन्याय यांचाही निषेध केला असला, तरी स्त्रीप्रगतीचे त्यांचे चित्र प्रामुख्याने सुशिक्षित गौरवर्णीय स्त्रीचे आहे, ही मर्यादा नोंदवावी लागते.

पुढील इतिहासाने ही मर्यादा अधोरेखित केली. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर लिंगभेदावर आधारित मताधिकारबंदी १९२० साली उठली. परंतु दक्षिणेकडील असंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना प्रत्यक्ष मतदानासाठी १९६५ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. मुंबई प्रांतात स्त्रियांना मताधिकार १९२१ साली मिळाला, पण तोही मर्यादित होता. अशा वेळी 'पुढारलेली संस्कृती कोणती?' हा प्रश्नच अपुरा ठरतो. 'त्या संस्कृतीतील कोणती स्त्री?' असे विचारणे आवश्यक होते.

सोलापूरच्या संदर्भात हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू या भाषांचे संस्कार येथे शेजारी-शेजारी नांदतात. येथील विडी उद्योगात विड्या वळण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया, बहुधा घरी बसून, करतात आणि मजुरी हजार विड्यांमागे ठरते. १९७६ च्या कायद्याने समान कामास समान वेतनाचे तत्त्व मान्य केले. परंतु जे काम जवळजवळ स्त्रियांवरच सोपविले आहे, तेथे समानता मोजावी कोणाशी? स्वयंपाक, मुले आणि विड्यांचे सूप हे तिन्ही एकाच स्त्रीच्या वाट्यास येत असतील, तर तिच्या मातृभाषेने वा धर्माने मूळ प्रश्न बदलत नाही.

निष्कर्ष :
रमाबाईंची तुलना बदल शक्य असल्याचा विश्वास देते, तर ताराबाईंची तुलना स्वतःच्या घराकडे पाहावयास लावते. परदेशाच्या प्रगतीने दिपून जाणे किंवा स्वसंस्कृतीच्या गौरवात समाधान मानणे, या दोन्ही वृत्तींवर हे ग्रंथ एकत्रितपणे उतारा ठरतात. संस्कृती-संस्कृतींमधील तुलना त्या-त्या संस्कृतीतील स्त्री-पुरुष तुलनेपर्यंत पोहोचली, तरच ती समतेच्या उपयोगी पडते.