सर्वानुमते

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेन्री फोंडा उभा राहतो. दूरदर्शनच्या काळात वाढलेल्यांना त्याच्याआधी 'एक रुका हुआ फैसला'मधले के. के. रैना आणि पंकज कपूर आठवतात. मी या दुसऱ्या गटातली. पण गेली दोन-तीन वर्षं मला या सगळ्यांपेक्षा रॉबर्ट कमिंग्ज जास्त आठवतो. सिनेमाच्या तीन वर्षं आधी, २० सप्टेंबर १९५४ च्या रात्री, अमेरिकेत सीबीएसच्या 'स्टुडिओ वन' या मालिकेत हे नाटक पहिल्यांदा झालं. थेट प्रक्षेपण, रिटेकची सोय नाही, जाहिराती वगळल्या तर जेमतेम पन्नास मिनिटं. आठ क्रमांकाच्या ज्यूरी सदस्याचं काम त्यात कमिंग्जने केलं होतं.

फोंडा खिडकीशी उभा राहिला की आपण निर्धास्त होतो. हा माणूस जिंकणार, फक्त कसा ते बघायचं. कमिंग्जला पाहताना तसं वाटत नाही. तो चाचरतो, बोलताना शब्द शोधतो, समोरच्याने आवाज चढवला की आपलं काही चुकलं तर नाही ना, अशा नजरेने इकडेतिकडे बघतो. आपल्या सोसायटीच्या सभेत मागच्या रांगेतून हात वर करणारा आणि 'बोला' म्हटल्यावर गडबडून जाणारा एखादा असतो ना, तसा.

गोष्ट माहीत नाही असे वाचक थोडेच असतील, तरी दोन ओळी. एकोणीस वर्षांच्या गरीब वस्तीतल्या मुलावर बापाला चाकूने भोसकून मारल्याचा आरोप आहे. खटला संपलेला आहे. दोषी ठरला तर मृत्युदंड अटळ. बारा ज्यूरी सदस्य एका खोलीत कोंडले जातात, बाहेर मरणाचा उकाडा. पहिल्याच मतदानात अकरा जण 'दोषी' म्हणतात, एक 'दोषी नाही' म्हणतो. (आपली वर्तमानपत्रं अशा वेळी 'निर्दोष मुक्तता' लिहून मोकळी होतात. नाटकात मुलगा निर्दोष आहे असं कोणीही, अगदी आठ क्रमांकही, म्हणत नाही. पुरावा पुरेसा नाही, एवढंच.)

मला यातला सर्वांत भीतीदायक क्षण चाकूचा वाटत नाही. थोडा वेळ वाद घातल्यावर आठ क्रमांक स्वतःच एक प्रस्ताव मांडतो. पुन्हा मतदान घ्या, गुप्त, चिठ्ठ्यांवर. मी मत देणार नाही. तुम्हा अकरा जणांच्या चिठ्ठ्यांवर 'दोषी' असेल तर मी अडून बसणार नाही, आत्ताच जाऊन निकाल देऊ. म्हणजे नायक आपलं एकमेव शस्त्र टेबलावर ठेवून देतो. चिठ्ठ्या उलगडल्या जातात. दोषी, दोषी, दोषी. मग एका चिठ्ठीवर 'दोषी नाही' निघतं. ती चिठ्ठी नऊ क्रमांकाच्या म्हाताऱ्याची. मुलगा सुटला आहे असं त्याला वाटत नाही. हा माणूस एकटा उभा आहे, त्याचं ऐकून तरी घेऊ, एवढ्यासाठी तो बाजू बदलतो.

ती चिठ्ठी निघाली नसती तर? नाटक तिथेच संपलं असतं आणि मुलगा मेला असता. हे लक्षात आल्यापासून 'एका माणसाच्या निर्धाराची गोष्ट' हे या नाटकाचं नेहमीचं वर्णन मला पटेनासं झालं आहे. निर्धार तर त्याने सोडून दिलेलाच होता. त्याला ती खोली, तो वेळ आणि ते अकरा वैतागलेले श्रोते मिळाले ते एका नियमामुळे: निकाल बाराही जणांच्या एकमताने लागला पाहिजे. बहुमत चालत असतं तर पाच मिनिटांत अकरा विरुद्ध एक असा निकाल लागून मंडळी घरी गेली असती. आठ क्रमांकाने कितीही हुशारीचे मुद्दे काढले असते तरी ते ऐकायला कोणी थांबलं नसतं. तिथे त्याचं ऐकतात ते त्याला उठून जाऊ देता येत नाही म्हणून.

लेखक रेजिनाल्ड रोझ स्वतः न्यूयॉर्कमध्ये सदोष मनुष्यवधाच्या एका खटल्यात ज्यूरीवर बसला होता आणि त्या खोलीत आठ तास कडाक्याचं भांडण झालं, असं त्याने पुढे सांगितलं आहे. नाटकात ते जाणवतं. या माणसांना कोणी आवडत नाही, त्यांना फक्त सुटायचं आहे. आणि सुटायचे दोनच मार्ग आहेत, त्या एकाला वाकवणं किंवा त्याच्याशी बोलणं. वाकवून झालं नाही म्हणून ते बोलतात.

त्या संचातला अकरा क्रमांक विशेष आहे. युरोपातून आलेला घड्याळजी, ज्यूरीच्या पद्धतीबद्दल या देशात जन्मलेल्यांपेक्षा जास्त आदराने बोलणारा. ही भूमिका १९५४ मध्येही आणि पुढे सिनेमातही जॉर्ज वोस्कोवेत्स या चेक नटाने केली. नाझींपासून पळून अमेरिकेत आलेला हा माणूस १९५० मध्ये परदेशातून परतला तेव्हा कम्युनिस्टधार्जिणा असल्याच्या संशयावरून त्याला एलिस आयलंडवर दहा महिन्यांहून अधिक काळ अडकवून ठेवलं होतं. खटला नाही, ज्यूरी नाही. त्यानंतर चार वर्षांनी, मॅकार्थीच्या सुनावण्या नुकत्याच संपलेल्या असताना, तो दूरचित्रवाणीवर बसून अमेरिकी न्यायाची थोरवी सांगतो. त्याच्या चेहऱ्यावर उपरोधाचा मागमूसही नाही, म्हणून ते अधिकच लागतं.

रोझ मला कमी पडतो तो शेवटाकडे. तीन क्रमांकाचा संतापी बाप शेवटी मोडतो, कारण त्याचं स्वतःच्या मुलाशी बिनसलेलं आहे आणि तो राग तो या मुलावर काढतो आहे. सिनेमात ली जे. कॉब आणि आपल्याकडे पंकज कपूर यांनी या कोसळण्याचं सोनं केलं, यात वाद नाही. पण पूर्वग्रहामागे घरातलं एखादं दुःख असतंच, ही कल्पना फार सोयीची आहे. चार क्रमांकाचं बघा. सभ्य, मुद्देसूद, आवाज न चढवणारा. त्याला कोणतीही जखम नाही, तो फक्त चुकतो आहे, आणि साक्षीदार बाईच्या नाकावरच्या चष्म्याच्या खुणांचा मुद्दा निघाल्यावर शांतपणे मत बदलतो. माणसांना फाशी देणाऱ्या समित्यांमध्ये तीन क्रमांकापेक्षा चार क्रमांकच जास्त असतात. विल्यम फ्रिडकिनने १९९७ मध्ये दूरचित्रवाणीसाठी हे पुन्हा केलं तेव्हा दहा क्रमांकाचा द्वेष एका कृष्णवर्णीय माणसाच्या तोंडी, लॅटिनो लोकांविरुद्ध, घातला. द्वेष करायला स्वतः सुखवस्तू किंवा गोरं असावं लागत नाही, हे त्याने रोझपेक्षा धीटपणे दाखवलं.

आता 'एक रुका हुआ फैसला'कडे येते. १९८६ मध्ये बासू चटर्जींनी ही टेलिफिल्म केली. तिशीतला अन्नू कपूर त्यात नऊ क्रमांकाचा म्हातारा झाला आहे आणि ते लक्षातही येत नाही. गंमत अशी की तोवर भारतात ज्यूरी उरलीच नव्हती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती काढून टाकली होती. नानावटी खटल्यामुळे ज्यूरी एका रात्रीत गेली असं आपण ऐकत आलो आहोत. ते तितकं सरळ नाही, त्यानंतरही काही ठिकाणी ज्यूरी चालू होती. माझ्या मुद्द्यासाठी त्या खटल्यातला एक आकडा महत्त्वाचा आहे. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने नानावटीला आठ विरुद्ध एक अशा मतांनी दोषमुक्त ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, हा पुढचा इतिहास. पण त्या नवव्या माणसाला काय वाटत होतं, हे उरलेल्या आठांना ऐकून घ्यावंच लागेल अशी सक्ती नव्हती. आपली ज्यूरी बहुमताने चालायची.

त्याहून मागे जा. १९०८, मुंबई उच्च न्यायालय, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला. नऊ जणांची विशेष ज्यूरी, सात युरोपीय आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि टिळक मंडालेला गेले. दिलेल्या निकालाहून मोठी शक्ती जगात आहे, अशा अर्थाचं टिळकांचं उत्तर आपल्याला शाळेपासून पाठ आहे. 'दोषी नाही' म्हणणारे ते दोघे कोणाला आठवत नाहीत. आठवण्यासारखं त्यांच्या हातून काही घडायला वावच नव्हता. त्यांच्याकडे मत होतं, खोली नव्हती.

म्हणून बासूदांची टेलिफिल्म मला एक विलक्षण गोष्ट वाटते. तिच्यात एकमताची अट जशीच्या तशी आली आहे, आणि ती आपल्याकडे कधी नीट नांदलेलीच नव्हती. आपण ती गोष्ट हुशार वकिली बुद्धीच्या माणसाची म्हणून पाहिली, टाळ्या वाजवल्या. अट दिसलीच नाही.

अमेरिकेतही ती सगळीकडे नव्हती. लुईझियाना राज्याने १८९८ च्या घटनेत बारापैकी नऊ मतं पुरेशी ठरवली. कृष्णवर्णीयांना ज्यूरीबाहेर ठेवणं कायद्याने अवघड झालं होतं, मग एक-दोघे आत आलेच तर त्यांच्या मताला किंमत उरू नये अशी ही तजवीज. गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत सगळीकडे एकमत हवंच, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २०२० मध्ये. आणि १९५४ च्या प्रक्षेपणाची अर्धीच फिल्म अनेक वर्षं उपलब्ध होती. पूर्ण प्रत सापडली २००३ मध्ये, सॅम्युएल लीबोविट्झ या दिवंगत वकिलाच्या घरी. स्कॉट्सबरोच्या कृष्णवर्णीय मुलांसाठी लढून, ज्यूरीच्या यादीतून एका वंशाला वगळता येणार नाही, हा निर्णय १९३५ मध्ये मिळवणारा हाच तो. त्याच्याकडे ती प्रत असावी हा योगायोगच, पण मला तो आवडतो.

हे सगळं मला का सुचत राहतं, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी मी नोकरी करत होते तिथे एका चौकशी समितीवर माझी नेमणूक झाली. आम्ही पाच जण. एका शिपायावर कपाटातले पैसे घेतल्याचा संशय. चहा यायच्या आत चौघांचं ठरलं होतं, त्यात मीही होते. पाचव्या बाई म्हणाल्या, "किल्ली आणखी कुणाकडे असते, एवढं तरी विचारू या." अध्यक्ष हसून म्हणाले, "मॅडम, चार विरुद्ध एक आहे." मी घड्याळाकडे पाहिलं, मला पाच चाळीसची लोकल पकडायची होती. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या काही चाचरत नव्हत्या, कमिंग्जपेक्षा कितीतरी नीट बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी इतिवृत्त सहीसाठी फिरलं. क्लार्कने नेहमीच्या सवयीने लिहिलं होतं, 'सर्वानुमते ठरले.' माझ्या सहीच्या वर बाईंची सही होती. त्या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली होती. मी खाली सही केली आणि कागद पुढे पाठवला.